अस्मानी किती, सुलतानी किती

एक रत्तल ज्वारी म्हणजे आजच्या मापाने साधारण साडेचारशे ग्रॅम. दळून थापली तर बेताच्या चार भाकरी होतात. थापणारीचा हात सढळ असेल तर तीनच. सन १८७७ च्या जानेवारीत सोलापूर, कलादगी, नगर, सातारा या मुलखात दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसाच्या दिवसाचे मोल सरकारने याच मापाने ठरवले होते. एक रत्तल धान्याचे बाजारात जे पैसे पडतील ते, आणि वर एक आणा. काम हलके असेल तर वरचा आणा अर्धा. बाईला त्याहून कमी, पोराला आणखी कमी. रुपयाला सोळा रत्तल धान्य मिळत असते तर त्या वरच्या आण्यात दुसरे एक रत्तल आले असते. पण भाव केव्हाच त्यापलीकडे गेले होते. म्हणजे मीठ, मिरची, सरपण, खोपटात पडून असलेली म्हातारी आणि कडेवरचे लेकरू, हे सगळे दोन रत्तलांच्या आत बसवायचे.

हा हिशेब आधीच मांडला, कारण दुष्काळाचा दोष कोणाचा ही चर्चा आपल्याकडे आभाळाकडे बोट दाखवून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. पाऊस पाडणे कोणत्याच सरकारच्या हातात नसते, हे खरे. रत्तल मात्र सरकारच्याच हातात होते.

या वाटणीसाठी मराठीत एक जोडशब्द फार जुना आहे: अस्मानी-सुलतानी. मामलतीच्या आणि इजाऱ्याच्या जुन्या कागदांत तो सापडतो. पाऊस गेला, टोळ आले, गारपीट झाली, ती अस्मानी. लष्कर शेतातून गेले, वसुली जास्त झाली, ती सुलतानी. कुणब्याच्या घरी दोन्हींचा शेवट रिकाम्या कणगीत होत असल्यामुळे बोलताना शब्द एकत्र येतात, पण ते दोन शब्द आहेत हे आपले लोक कधी विसरले नाहीत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आठवून पाहा. दुर्गादेवीचा दुष्काळ, लोक अन्नावाचून तडफडताहेत, आणि बेदरच्या बादशहाचा हा कारकून सरकारी कोठारे उघडून धान्य वाटून टाकतो. बादशहा चिडतो, पंतांना धरून आणायला माणसे पाठवतो. तेव्हा विठोबा विठू महाराच्या रूपाने दरबारात जाऊन धान्याची किंमत भरतो. या कथेत पाऊस का पडला नाही असे बादशहाला कोणी विचारत नाही. सगळा तंटा कोठाराच्या किल्लीचा आहे. आणि देवाने चमत्कार कोणता केला? पाऊस पाडला नाही. थैली रिती केली आणि पावती घेतली.

याच दामाजीच्या मुलखात, म्हणजे सोलापूरच्या भोवताली, १८७६ चा पाऊस गेला. जूनमध्ये थोडे शिंतोडे पडले, मग आभाळ कोरडे. रब्बीच्या ज्वारीचा हा प्रदेश. परतीच्या पावसावर त्याचे पोट. तोही आला नाही. आज आपल्याला ठाऊक आहे की त्या वर्षी पेरूच्या बाजूला प्रशांत महासागराचे पाणी तापले होते, आणि त्याच दोन-तीन वर्षांत उत्तर चीन आणि ब्राझीलचा ईशान्य कोपराही होरपळला. एल निनो हा शब्द तेव्हा कलेक्टर कचेरीत पोचलेला नव्हता. विल्यम हंटर या विद्वान अधिकाऱ्याने १८७७ मध्ये मद्रासच्या पावसाचे आकडे तपासून असा सिद्धान्त मांडला होता की सूर्यावरच्या डागांच्या अकरा वर्षांच्या फेऱ्याशी दुष्काळाचा संबंध आहे. त्याचा हेतू शास्त्रीय होता, यात शंका नाही. पण सूर्यच आरोपी ठरला म्हणजे खालच्या कोणाला साक्षीला बोलावण्याचे कारण उरत नाही, ही सोय काही थोडी नव्हे.

शिवाय ते आभाळ कोरे झाले ते आधीच पोखरलेल्या जमिनीवर. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० नंतर दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपले आणि भाव कोसळले. त्या तेजीच्या काळात सुरू झालेल्या फेरपाहणीने इंदापूर वगैरे तालुक्यांत सारा मात्र वाढवून ठेवला. सारा भरायला सावकार, सावकाराला द्यायला जमीन. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरले. पुढच्याच वर्षी पाऊस गेला. चांगल्या स्थितीतला शेतकरी एखादे वाईट वर्ष बैल न विकता काढू शकतो. ज्याची पेरणीची ज्वारीही सावकाराच्या घरी आहे, त्याला पहिल्याच महिन्यात गाव सोडावे लागते.

आता सर रिचर्ड टेंपल. या माणसाशिवाय हा इतिहास इतका बोलका झाला नसता.

१८७३-७४ मध्ये बिहारमध्ये पीक बुडाले, तेव्हा टेंपल तिथली व्यवस्था पाहत होता. त्याने ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांहून जास्त तांदूळ आणवला, गावोगाव वाटला, कामे काढली, आणि सुमारे साडेसहा कोटी रुपये खर्च करून माणसे जगवली. बिहारमध्ये भूकबळी जवळजवळ झालेच नाहीत. यासाठी त्याचा सत्कार व्हायला हवा होता. झाली ती टिंगल. लंडनच्या पत्रांनी त्याला उधळ्या ठरवले. हिंदी लोकांना जगवणे हे सरकारचेच काम आहे अशी वाईट सवय त्यांना लागेल, हा त्यांचा आक्षेप होता. इतके थोडे लोक मेले म्हणजे मुळात संकटच खोटे असले पाहिजे, असाही एक युक्तिवाद झाला. टेंपल हुशार होता, महत्त्वाकांक्षीही होता. धडा त्याने नीट गिरवला. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने त्याला मद्रास आणि मुंबई इलाख्यांत खर्चावर लगाम घालायला पाठवले, तेव्हा बिहारचा उधळ्या टेंपल एक रत्तलाचा टेंपल झाला होता. इंग्रजीत त्या मजुरीला त्याचेच नाव चिकटले.

माणूस तोच, साम्राज्य तेच, रेल्वे आणि तारायंत्र तेच, पाऊस दोन्हीकडे गेलेला. फरक फक्त वरून आलेल्या हुकमाचा. संकट हाताबाहेरचे होते की नव्हते, हे ठरवायला इतिहास अशी संधी सहसा देत नाही. १८७४ च्या बिहारने ते ठरवून टाकले आहे. सरकारला जमत होते. परवडत नाही असे म्हणायचीही सोय नव्हती, कारण त्याच १ जानेवारीला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर करण्याचा दरबार थाटात पार पडला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्या दरबाराला खादीच्या कपड्यांत गेले होते. रेशमाच्या आणि जवाहिरांच्या त्या गर्दीत ते जाडेभरडे कापड म्हणजे दख्खनचा एक लेखी अर्जच होता म्हणा ना.

सरकारची बाजूही ऐकून घेऊ. ती अगदीच पोकळ नव्हती. मुंबई सरकारने धान्य स्वतः विकत घ्यायचे नाही असे ठरवले. व्यापारात हात घातला तर व्यापारी घाबरून आणायचे थांबतील, हा त्यांचा सिद्धान्त. आणि सोलापूरपर्यंत गेलेल्या लोहमार्गाने व्यापाऱ्यांनी धान्य खरोखर आणले. स्टेशनात पोती पडलेली होती. दुष्काळात बाजारात धान्यच नसते अशी आपली समजूत असते. दख्खनमध्ये धान्य होते, ते घ्यायला गाठीला पैसा नव्हता. शेत पडीक म्हणजे शेतमजुराला काम नाही, बलुतेदाराला बलुते नाही, विणकराच्या लुगड्याला गिऱ्हाईक नाही. अशा वेळी सरकारी कामावरची मजुरी हाच पोत्यापर्यंत पोचण्याचा एकमेव रस्ता. तो रस्ता रुंद ठेवायचा की अरुंद, हे एका रत्तलावर ठरत होते. त्याच वर्षांत हिंदुस्थानातून विलायतेला गहू जातच होता, हेही सांगायला हवे.

मग जानेवारीत एक विलक्षण गोष्ट घडली. सरकारने हलक्या कामांचे दर उतरवले, आणि धडधाकट माणसांनी गावाजवळची कामे सोडून लांबच्या मोठ्या कामांवर जावे, असा हुकूम काढला. लोक गेले नाहीत. जे कामावर होते त्यांतलेही पुष्कळ टिकाव-फावडे टाकून निघाले. टोळ्याच्या टोळ्या घरी परतल्या. मार्चच्या मध्यापर्यंत काम सोडणाऱ्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. उपाशी माणसांचा संप! अधिकारी चक्रावले. यांच्याकडे पुरून ठेवलेले पैसे असणार, हे हट्टी आहेत, कोणीतरी यांचे कान भरले आहेत, असे अनेक खुलासे कचेऱ्यांतून लिहिले गेले. सगळ्यांत साधा खुलासा कोणाला सुचला नाही. दिवसभर खडी फोडायला अंगातून जेवढे जाते तेवढे त्या मजुरीतून भरून येत नसेल, तर काम करून मरण्यापेक्षा न करता मेलेले बरे. घरी निदान सावली असते.

तो खुलासा दुसऱ्या दोन ठिकाणांहून आला. एक, मद्रासचा आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश. एक रत्तल धान्यावर माणूस निजून जगेल, पण काम करील तर त्याचे स्नायूच झिजतील, डाळीशिवाय तर नक्कीच, असे त्याने शरीरशास्त्राच्या आधाराने टेंपलला छापील उत्तर दिले. मद्रास सरकारने मेमध्ये दर वाढवले. दुसरे ठिकाण पुण्याचे.

सार्वजनिक सभा १८७० मध्ये स्थापन झालेली, आणि तिच्यामागे न्यायमूर्ती रानड्यांचे डोके. सभेने काय केले? मोर्चा काढला नाही, शिव्या दिल्या नाहीत. तालुक्या-तालुक्यांत माणसे नेमली आणि माहिती जमवली. पीक किती आणे आले, ज्वारीचा भाव काय, गुरे किती मेली, किती घरे बंद, कामावर किती, मजुरी किती मिळाली. ते तक्ते आणि त्यांवर आधारलेले अर्ज एकामागून एक सरकारकडे गेले. सरकारी तुरुंगातल्या गुन्हेगाराला याहून जास्त शिधा मिळतो, ही गोष्टही सभेने सरकारच्या नजरेला आणून दिली. पुणेकरांच्या खवचटपणाबद्दल बरेच बोलले जाते. त्याचा इतका लोकोपयोगी वापर क्वचितच झाला असेल.

मला या तक्त्यांचे महत्त्व त्या काळच्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त वाटते. दोष देण्यासाठी आधी मोजावे लागते, हे सभेने ओळखले होते. सरकार पावसाचे इंच मोजत होते, सभा भाकरी मोजत होती.

मोजमापाच्या बाहेरही माणसे होती. २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. दुष्काळाने गुरे पटापट मरत आहेत, लोक गावे सोडून चालले आहेत, आणि सावकार ही संधी साधत आहेत, असे त्या कळवतात. सत्यशोधकांनी लोकांना धीर द्यायला समित्या केल्या होत्या. तंटे झाले, कार्यकर्ते पकडले गेले. सावित्रीबाई थेट कलेक्टरला भेटल्या, माणसे सुटली, आणि ज्वारीच्या चार गाड्याही आल्या. चार गाड्या! दामाजीच्या कथेत देवाला जे वेषांतर करून करावे लागले, ते इथे एका बाईने आपल्या स्वतःच्या रूपात करून दाखवले. धनकवडीला फुले दांपत्य आणि त्यांचे सहकारी दुष्काळातल्या मुलांसाठी अन्नछत्र चालवत होते.

पुण्यातल्याच एका लष्करी हिशेब कचेरीत नोकरीला असलेले वासुदेव बळवंत फडके या सुमारास दुष्काळी भागात हिंडून आले. त्यांनी वेगळा निष्कर्ष काढला. या लोकांच्या मरणाला राज्यच जबाबदार आहे, आणि अर्जाने ते हलणार नाही. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी रामोश्यांच्या साथीने बंड उभारले, जुलैत ते पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. एकाच दुष्काळातून एकाच शहरात दोन उत्तरे निघाली, एक तक्त्यांचे, एक तलवारीचे. सरकारला दोन्ही सारखीच खुपली असावीत. रानड्यांची बदली आधी नाशिकला आणि मग धुळ्याला झाली, ती याच काळात आणि सरकारच्या संशयापोटी.

आणि टेंपल? ३० एप्रिल १८७७ पासून तो मुंबईचा गव्हर्नर झाला.

सप्टेंबरात पाऊस आला, नोव्हेंबर अखेरीस कामे बंद झाली. ब्रिटिश मुलखात त्या दोन-तीन वर्षांत पन्नास लाखांहून अधिक माणसे जास्तीची मेली, असा सरकारच्याच आयोगाचा अंदाज आहे. १८८१ च्या खानेसुमारीत सोलापूर आणि कलादगी जिल्ह्यांची लोकसंख्या १८७२ च्या मानाने जवळपास पाचव्या हिश्शाने घटलेली निघाली. त्यात परागंदा झालेलेही असतील. त्या कामांतून उभ्या राहिलेल्या गोष्टी मात्र अजून आहेत. मोहोळजवळचा आष्टीचा तलाव, दौंड-मनमाड लोहमार्गाचा मूळ भराव. एका रत्तलाच्या मजुरीवर टाकलेली माती फार घट्ट बसते, असे दिसते.

लिटनच्या सरकारने १८७८ मध्ये दुष्काळ आयोग नेमला. अध्यक्ष रिचर्ड स्ट्रेची हा काही रयतेचा कैवारी नव्हता. तरीही १८८० च्या अहवालात एक गोष्ट मान्य झाली. दुष्काळात लोकांना मदत करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, आणि दुष्काळ हा मुळात रोजगार बुडण्याचा प्रश्न आहे. त्यातून दुष्काळ संहिता तयार झाली, आणि १८८३ च्या नमुन्यावरून प्रत्येक प्रांताने आपापली केली. पाटील-कुलकर्ण्याने काय कळवायचे, चाचणीसाठी कामे केव्हा काढायची, मजुरी कशी ठरवायची, अपंगांना आणि म्हाताऱ्यांना फुकट शिधा केव्हा द्यायचा. रुक्ष कलमे. पण जे आजवर सरकारची मर्जी होती, ते आता सरकारच्याच छापखान्यात छापलेले पुस्तक झाले.

ते पुस्तक गावकऱ्यांनी वाचावे, ही कल्पना मात्र सरकारच्या डोक्यात नव्हती. १८९६ मध्ये पुन्हा पाऊस गेला. सार्वजनिक सभा तोवर टिळकांच्या हातात आली होती. त्यांनी संहितेतली कलमे मराठीत आणून पत्रके छापली, आणि सभेची माणसे ठाणे-कुलाब्यापासून देशावरच्या गावांपर्यंत ती वाचून दाखवत हिंडली. केसरीतून एकच धोशा चालू होता: राणीसरकारने कायदा केला आहे, तुम्हाला काम देणे हे सरकारवर बंधनकारक आहे, मागा, पीक बुडाले असेल तर घरदार विकून सारा भरू नका, धान्याची दुकाने लुटू नका, पण भेकडासारखे मरूही नका. सरकारला इतके संकट कुठल्याही बंडाने वाटले नसते. बंडखोराला पकडता येते. सरकारचेच पुस्तक सरकारला वाचून दाखवणाऱ्याला कोणत्या कलमाखाली धरायचे? तरी काहींवर खटले भरलेच. सोलापूरच्या विणकरांना त्यांच्याच धंद्यात काम देण्याची योजना टिळकांनी तिथे जाऊन आखली. संहितेत त्याला जागा होती, पण सभेचा हात नको म्हणून सरकारने ती बसू दिली नाही. मार्च १८९७ मध्ये सरकारने जाहीर केले की सार्वजनिक सभेला यापुढे सार्वजनिक प्रश्नांवर सरकारशी पत्रव्यवहार करण्याचा अधिकार नाही. टिळकांचे नाव निघाले की आपल्याला राजद्रोहाचे खटले आठवतात. माझ्या मते त्यांची सर्वांत कसदार लढाई ही होती, आणि ती नियमपुस्तिकेच्या जोरावर लढलेली होती.

त्याच महिन्यांत प्लेग होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि हिवाळ्यात तो पुण्यात शिरला. जंतूचा शोध लागून दोन वर्षे झाली होती. उंदराच्या पिसवांमधून तो पसरतो हे सर्वमान्य व्हायला अजून वेळ होता. म्हणजे इथेही मूळ संकट अस्मानीच. पण १८७७ मध्ये सरकारने हात आखडता घेतला होता, तर १८९७ मध्ये साथरोग कायद्याच्या जोरावर तोच हात घराघरांत घातला. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या कमिटीचे गोरे सोजीर देवघरापर्यंत गेले, बायकांची तपासणी, सामानाची होळी. माणसे वेगळी ठेवण्याला टिळकांचा विरोध नव्हता. त्यांनी स्वतः हिंदू प्लेग रुग्णालय काढले. विरोध होता तो रीतीला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळ्या सुटल्या आणि बाकीचा इतिहास सर्वांना पाठ आहे. सावित्रीबाई त्याआधीच गेल्या होत्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांनाच लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी ज्या साथीला कोणी जबाबदार नव्हते त्या साथीत त्या वारल्या. वीस वर्षांपूर्वी ओतूरला जे केले तेच त्या पुण्यात करत होत्या.

संहिता झाली म्हणून मरणे थांबले असे समजू नये. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेत माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. पुस्तक होते, वापरणारा हात कृपण होता. आणि १९४३ मध्ये बंगालमध्ये तर सरकारने दुष्काळ जाहीरच केला नाही. जाहीर केला असता तर संहितेप्रमाणे अन्न आणि काम पुरवावे लागले असते. तीस लाखांच्या आसपास माणसे गेली, आणि कागदोपत्री दुष्काळ नव्हता. सरकारला संहिता नीट कळत होती, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

आता १९७२. लागोपाठ वाईट पावसाळे गेल्यावर त्या वर्षी महाराष्ट्र पुरता कोरडा पडला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक. महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर शनिवारवाड्यासमोर फाशी द्या, असे याच गृहस्थांनी १९६५ मध्ये म्हटले होते, आणि विरोधक ते विसरू देत नव्हते. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर लाटणी घेतलेल्या बायका रस्त्यावर आणत होत्या. त्या पिढीतली माणसे अजून सांगतात: लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, पोरांना सुकडी मिळे, सगळे गाव खडीवर. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरच्या माणसांची संख्या पन्नास लाखांना भिडली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. मजुरी वेळेवर मिळत नसे, हजेरीपटात मुकादमाचे मेहुणे असत, आणि अर्धी खडी आजही रस्त्याकडेला ढिगाने पडून आहे अशी थट्टा नगर-बीडकडे ऐकू येते. हे सगळे दोष खरे. पण १८७७ किंवा १९४३ सारखी लाखोंची प्रेते महाराष्ट्रात पडली नाहीत.

सरकार चांगले होते म्हणून? मला तसे वाटत नाही. १९७२ चे सरकार १८७७ च्या सरकारपेक्षा मनाने फार कोवळे होते असे मानायला आधार नाही. पण त्याला मते हवी होती. त्याच्या विधानसभेत ओरडणारी माणसे होती, त्याच्या कामांवर संप करणाऱ्या युनियन होत्या. दोष देणारे होते म्हणून कामे निघाली. 'निसर्गापुढे कोणाचे चालते' हे वाक्य त्या वर्षी मंत्र्यांनी कितीही वेळा म्हटले असेल. ते ऐकून घरी जाणारे लोक नव्हते.

वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. सांगली जिल्ह्यात तासगावजवळच्या विसापूरला १९६५ मध्ये त्यांनी मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. दुष्काळाने त्याला बळ दिले. १९७५ पासून शहरातल्या पगारदारांच्या खिशातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला तो त्याच्याच खर्चासाठी. १९७७ मध्ये, त्या उपाशी संपाला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, रोजगार हमीचा कायदा संमत झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम. न दिल्यास बेकारी भत्ता, दिवसाला किमान एक रुपया. पुढे २००५ चा केंद्राचा कायदा याच वाटेने गेला.

तरी शब्दांचा खेळ सुटलेला नाही. ज्या शब्दाने सरकारवर खर्च पडतो तो शब्द लांबवायचा, ही बंगालची रीत आपल्याकडे सौम्य रूपात टिकून आहे. कधी ती 'टंचाई' असते, कधी 'टंचाईसदृश'. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारने १८० तालुक्यांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' असल्याचे सांगितले. ३१ ऑक्टोबरला त्यांतल्या १५१ तालुक्यांपुरता 'सदृश' हा शब्द गळाला आणि दुष्काळ जाहीर झाला. मधल्या आठ दिवसांत आभाळात काहीही बदलले नव्हते.